मदत हवी आहे: एआयच्या टॅरो कार्डांत दहा म्हणजे दहाच तलवारी कशा आणायच्या?

नमस्कार मंडळी,

काल्पनिक जगावर बेतलेला पूर्ण ७८ पत्त्यांचा टॅरो (भविष्य वाचायचे पत्ते) संच करायला घेतला आहे. चित्रं एआयकडून काढून घेते, चौकट आणि अक्षरं स्वतः बसवते. मेजर आर्कानाचे, म्हणजे मुख्य २२ पत्ते मनासारखे झालेत. घोडं अडलंय ते मायनर आर्कानात, म्हणजे चार गटांतल्या बाकीच्या ५६ पत्त्यांत, त्यातही एक्क्यापासून दहापर्यंतच्या पत्त्यांवर.

थोडं त्या जगाबद्दल, मायनरच्या चार गटांप्रमाणे. वाँड्स (दंड) म्हणजे ज्वालामुखीच्या कड्यांवर ड्रॅगन पाळणारे लोक, कप्स (पेले) म्हणजे पाण्याखालचं नगर, स्वोर्ड्स (तलवारी) म्हणजे ढगांतले किल्ले आणि पेंटॅकल्स (नाणी) म्हणजे एका महावृक्षाच्या मुळांत राहणारे कारागीर. अग्नी, जल, वायू, पृथ्वी ही रूढ विभागणी मुद्दाम तशीच ठेवली आहे. पत्ता हातात घेतल्या घेतल्या वाचणाऱ्याला अर्थ लागला पाहिजे, नाहीतर नुसत्या देखण्या चित्राचं काय करायचं?

म्हणूनच आकड्यांबाबत मला तडजोड नको आहे. चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी टॅरोचे अभ्यासक ए. ई. वेट यांच्यासाठी चितारलेला १९०९चा संच बघा. फाइव्ह ऑफ कप्समध्ये काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून उभा आहे, समोर तीन पेले लवंडलेत आणि पाठीमागे दोन अजून उभे आहेत. त्याचं लक्ष त्या तिनांकडेच. हे तीन-दोनचं गणित बिघडलं की पत्त्यात काही उरतच नाही.

माझ्याकडे मात्र प्रॉम्प्टमध्ये (एआयला द्यायच्या वर्णनात) 'दहा तलवारी' लिहिलं की कधी आठ येतात, कधी तेरा. दोन पाती एकाच मुठीतून निघतात, एखाद्या तलवारीला दोन्ही टोकांना मूठ असते. तीन-चारपर्यंत ठीक चालतं, पुढे सगळा गोंधळ.

दुसरं म्हणजे शैली टिकत नाही. तेच शैलीचं वर्णन आणि तोच सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) देऊनही कप्स जलरंगात केल्यासारखे दिसतात, स्वोर्ड्स तैलरंगात. स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं एआय मॉडेल माझ्या संगणकावर चालतं, त्यामुळे त्यातलेच उपाय सुचवलेत तर बरं. छपाईआधी काय बघायचं तेही जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

कल्पना फार आवडली, विशेषतः मुळांतले कारागीर.

मोजणी मॉडेलकडे सोपवूच नका. आधी तलवारींशिवाय प्रसंग काढून घ्या. साध्या पार्श्वभूमीवर एकच सुबक तलवार वेगळी काढा, ती कापून क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा लेयरांवर (थरांवर) हव्या त्या कोनांत ठेवा. मग सगळं चित्र इमेज-टू-इमेजमधून (चित्रावरून चित्र काढायच्या सोयीतून) फिरवा, पण डीनॉइझिंग, म्हणजे मूळ चित्र किती बदलायचं ते प्रमाण, ०.३च्या आसपासच ठेवा. तेवढ्यात प्रकाश आणि रंग एकजीव होतात, संख्या हलत नाही. पातं जिथे जमिनीत किंवा अंगात रुतलंय तेवढाच भाग नंतर इनपेंट करा (निवडून पुन्हा काढून घ्या), सावली तिथेच पकडते. हात चांगला चालत असेल तर दहा रेघांचं कच्चं रेखाटन करून ते कंट्रोलनेटला (रेखाटनाबरहुकूम चित्र काढायला लावणाऱ्या जोडणीला) दिलं तरी चालेल. मला स्वतःला पहिली पद्धत जास्त भरवशाची वाटते.

शैलीसाठी तुमच्याकडे खजिना तयारच आहे. त्या २२ पत्त्यांवर लोरा (मॉडेलला ठरावीक शैली शिकवणारी छोटी जोडफाइल) शिकवा, शैली पकडायला एवढी चित्रं सहसा पुरतात. सीड सारखा ठेवून शैली टिकत नाही, कारण प्रॉम्प्ट बदलला की चित्र बदलतंच.

छपाईचं म्हणाल तर टॅरोचा नेहमीचा आकार ७० × १२० मिमी. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरलं की ७६ × १२६ होतो, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण ९०० × १४९० पिक्सेल. काल्पनिक जगातले झगमगते निळे-जांभळे रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) हमखास मंदावतात, तेव्हा छापणाऱ्याकडून आयसीसी प्रोफाइल (त्याच्या छपाईत रंग कसे येतात ते सांगणारी फाइल) मागून क्रितामध्येच सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर दिसेल तसं चित्र पडद्यावर बघून घ्या. आणि पत्त्याची पाठ अर्धीच काढा, तीच १८० अंशांत फिरवून खाली जोडा. नाहीतर पत्ता उलटा आहे हे पाठीवरूनच कळेल आणि उलट्या पत्त्याचा वेगळा अर्थ लावणारे तो संच वापरणार नाहीत.

धागाकर्ती

मनापासून आभार! तलवार वेगळी काढायचं डोक्यातच आलं नव्हतं, आज रात्रीच करून बघते. एकच शंका: लोरासाठी पत्ते चौकटीसकट द्यायचे की चौकट कापून?

प्रतिसाद १

कापूनच द्या, नाव आणि आकडाही काढून टाका. नाहीतर मॉडेल चौकटीलाच शैली समजतं आणि प्रत्येक चित्राच्या कडेला तिच्यासारखी वेडीवाकडी नक्षी उमटवतं. शिवाय लोरा शिकवताना प्रत्येक चित्रासोबत द्यायच्या कॅप्शनमध्ये त्यात काय काय दिसतंय ते सगळं लिहा, शैलीचं वर्णन तेवढं वगळा. टेन ऑफ स्वोर्ड्स झाला की इथे नक्की टाका.