जादा सौर वीज: विकावी की वापरावी?
‘कारखान्याची जादा सौर वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, विकली की पॅनेलचा खर्च आपोआप निघतो’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. खरी मेख हिशोबाच्या पद्धतीत असते. नेट मीटरिंगमध्ये दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटातून वजा होतं, म्हणजे पूर्ण दर मिळाल्यासारखंच. नेट बिलिंगमध्ये विक्रीचा दर वेगळा, आणि तो बहुधा खरेदीच्या दरापेक्षा बराच कमी. शिवाय जादा वीज निघते ती भर दुपारी, सगळ्यांचीच पॅनेलं जोरात असताना. तेव्हा तिला भाव कोण देणार?

त्यामुळे कॉम्प्रेसर, पाण्याचे पंप, शीतगृह अशी कामं दुपारीच उरकून घेणं जास्त फायद्याचं. राहतो प्रश्न साप्ताहिक सुट्टीचा. चांगल्या उन्हात १०० किलोवॉटची पॅनेलं दिवसाला ४०० युनिटांच्या आसपास वीज देतात, आणि कारखाना बंद असला की ती जवळपास सगळी बाहेर जाते. विक्रीचा विचार करायचा तो या युनिटांसाठी.

आणि हो, ग्रिडची वीज गेली की ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टरही (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करून देणारं यंत्र) बंद पडतो, बाहेर लख्ख ऊन असलं तरी. लाइनवर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय असते. तेवढा वेळ ना वापर, ना विक्री.