देव पटत नाही, तरी आईची परडी सांभाळू का?

निपाणीकर:
आई गेल्या वर्षी गेली. जन्मभर तंबाखूच्या वखारीत राबली. दर मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला, यल्लम्माच्या डोंगरावर जायची. तिच्या आजारपणात मी दोनदा नवस बोललो. काहीच झालं नाही. तेव्हापासून देव आहे, हे मनाला पटत नाही. त्यात याच देवीच्या नावानं पोरी देवदासी म्हणून सोडल्या जात होत्या. त्याला बंदी घालायला १९८२ साली कर्नाटक सरकारला कायदा करावा लागला. देवी होती, तर तिनंच का नाही थांबवलं? आता मावशी म्हणते, आईची परडी, म्हणजे देवीच्या पूजेची टोपली, तू घे. वेताच्या कडेला आईच्या बोटांचा भंडारा अजून चिकटलेला आहे. तो पुसायचं धाडस होत नाही.

खानापूरची लेक:
दादा, पोरी माणसांनीच सोडल्या आणि थांबवायलाही माणसंच उठली. देवीकडं जाब मागू नका. परडी घ्या, नवस नका बोलू.

चिकोडीचा शिक्षक:
मला हे पटत नाही. न मानता परडी घेणं म्हणजे मावशीला फसवणं. आमच्याकडं शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या काळच्या लिंगायत संतांनी, बाराव्या शतकातच सांगितलं की काम हाच कैलास. तुमच्या आईची पूजा त्या वखारीत रोज होत होती. मावशीला खरं सांगा.

निपाणीकर:
सर, काल सांगितलं. मावशी रडली. मग म्हणाली, "नको मानू बाळा, पण पौर्णिमेला मला गाडीवरनं डोंगरावर तरी सोड." सोडणार आहे. परडी सध्या कपाटावर आहे.