मदत हवी आहे: एक गोदाम, चार-पाच भाषा, सणांच्या रजा आणि रोजच्या कुरबुरी

साकव
नमस्कार मंडळी,
महापे एमआयडीसीत आमचं गोदाम आहे आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर ग्राहकसेवेचं ऑफिस. एकूण ७४ माणसं. गोदामात ४०, त्यातली निम्मी ठेकेदाराकडची. काही कोकणातली, काही घणसोली-कोपरखैरण्याची आगरी, काही उत्तर प्रदेश-बिहारची आणि अलीकडे आलेली ओडिशाची. पॅकिंगला दोन कर्णबधिर मुलगे आहेत. ग्राहकसेवेत २२ जण, त्यात १३ जणी. पाळ्या सकाळी ६ ते २ आणि दुपारी २ ते १०. मनुष्यबळाचं सगळं काम माझ्या एकटीकडे.

अडचणी अशा: गणपतीत आणि छठला अर्धं गोदाम एकदम रजा मागतं. ज्याची नाकारली तो म्हणतो, "आमचा सण तुम्हाला सण वाटत नाही." रमजानमध्ये दुसऱ्या पाळीत जेवणाच्या सुट्टीवरून वाद होतात. नवी मुलं सूचनांना मान डोलावतात आणि फोर्कलिफ्टच्या वाटेत उभी राहतात. पॅन्ट्रीत सुकटीच्या वासावरून दोन गट पडलेत. व्हॉट्सअॅप गटावर गावावरून, बोलण्यावरून टोमणे चालतात. लैंगिक छळाच्या तक्रारींची समिती फक्त अंधेरीच्या मुख्य कार्यालयात आहे.

वरून सुचवलंय की एक दिवसाचं 'विविधता प्रशिक्षण' घ्या. त्याने हे सुटेल असं मला वाटत नाही. प्रत्यक्ष काय करता येईल?

शिफ्टचार्ट
प्रशिक्षण नंतर घ्या. तुमचे निम्मे वाद वेळापत्रकाचे आहेत, त्यांना धर्माचं आणि प्रांताचं नाव लागलंय इतकंच. रजेपासून सुरुवात करा.

आधी गोदाम चालवायला किमान किती माणसं लागतात तो आकडा पर्यवेक्षकाकडून लेखी घ्या. समजा २९ लागतात, तर एका दिवशी ११ रजा देता येतात. हा आकडा भिंतीवर लावा. रजा नाकारली गेली तर ती आकड्यामुळे, कुणाच्या मर्जीमुळे नाही, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. ११ पेक्षा जास्त अर्ज आले तर क्रम लावायचा: गेल्या वर्षी त्या सणाला ज्याला रजा मिळाली तो यंदा यादीत खाली. ही यादीही भिंतीवर.

दुसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे रेल्वेचं आरक्षण. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता, आणि गणपती-छठच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. तुम्ही रजा महिनाभर आधी मंजूर केलीत तर त्या माणसासाठी ती नाकारल्यासारखीच. मग तो न सांगता जातो नाहीतर तत्काळच्या मागे लागतो. म्हणून सणाच्या ९० दिवस आधी अर्ज, ७० दिवस आधी निर्णय. बिहारला जाणाऱ्याचे येण्या-जाण्यात तीन-चार दिवस जातात, रत्नागिरीवाला रात्रीत पोचतो. दोघांना सरसकट पाच दिवस देणं वरून समान दिसतं, पण त्यात पहिल्याच्या हातात घरचा एखाद-दुसराच दिवस उरतो. प्रवासाचे दिवस वेगळे धरा, हवं तर बिनपगारी.

सुट्ट्यांबद्दल: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. बहुतेक ठिकाणी त्या ऑफिसात बसून परस्पर ठरतात. नोव्हेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून मत घ्या, ठेकेदाराच्या माणसांचंही. शिवाय कंपनीने स्वतःहून दोन ऐच्छिक सुट्ट्या दिल्या आणि यादीत रमजान ईद, छठ, १४ एप्रिल, ओडिशाचा जूनमधला रजो, नाताळ असं सगळं ठेवलं तर बराच ताण उतरतो.

रमजानचं गणित तर सोपं आहे. त्याच कायद्याच्या २०१७ च्या मूळ तरतुदीत सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी हवी असं होतं. सध्या रमजान येतो त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे सूर्यास्त साधारण पावणेसातच्या आसपास. दुपारी २ ला पाळी सुरू झाली तर ६:४० ची सुट्टी पाच तासांच्या आतच बसते. त्या महिन्यात सगळ्या पाळीचीच सुट्टी ६:४० ते ७:१० करा. काहींना वेगळी सुट्टी दिलीत की कुरबुर आलीच. रोजा असलेल्याला भर दुपारी ट्रक उतरवायला लावायचं की पॅकिंगला बसवायचं, हे मात्र त्यालाच विचारा. परस्पर ठरवून त्याचं काम बदलू नका. काहींचा ओव्हरटाइम त्यात जातो.

कांदळवन
साकवताई, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तशीच सुटलीये, ती आधी बघा. त्याच २०१७ च्या कायद्यानुसार बायकांच्या कामाची वेळ सकाळी ७ ते रात्री ९:३०. त्याबाहेर काम द्यायचं तर त्यांची संमती, सुरक्षिततेची सोय आणि घराच्या दारापर्यंत वाहन लागतं. तुमच्या दोन्ही पाळ्या या मर्यादेबाहेर जातात: एक ६ ला सुरू होते, दुसरी १० ला संपते. घणसोली स्टेशनपर्यंत सोडणं म्हणजे दारापर्यंत नव्हे. संमती प्रत्येकीची वेगळी, लेखी घ्या, आणि ती मागे घेता येईल असं त्यातच लिहा. नेमणूकपत्रात एक ओळ घुसवून काम भागवू नका. एवढं जमत नसेल तर बायकांसाठी ७ ते ३ आणि दीड ते साडेनऊ अशा वेळा ठेवा.

समितीचं: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर समिती हवी, आणि कार्यालयं वेगवेगळ्या जागी असतील तर प्रत्येक जागी वेगळी. अंधेरीची महापेला चालत नाही. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतले, एक बाहेरचा सदस्य, आणि एकूणात निम्म्या तरी महिला. तक्रार तीन महिन्यांच्या आत, चौकशी ९० दिवसांत. समिती नेमलीच नाही तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. तडजोड फक्त तक्रारदार बाईने मागितली तरच, आणि पैसे देऊन तर नाहीच. पर्यवेक्षक दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' म्हणतात, ते आधी थांबवा.

टोमण्यांचं: एखाद्याला 'भैय्या' म्हणून हाक मारणं किंवा नव्या माणसाला पुन्हा पुन्हा "पूर्ण नाव काय? गाव कुठलं?" विचारणं, याचा अर्थ विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही पक्का ठाऊक असतो. आडनावावरून जात काढण्याची ती पद्धत आहे. ओळखपत्रावर पहिलं नाव मोठं छापा, आडनाव फक्त कार्यालयाच्या नोंदीत. तक्रार आली तर बोललेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, तारीख टाका, बोलणाऱ्याशी दोन दिवसांत एकट्याशी बोला. व्हॉट्सअॅप गट फक्त पाळ्या आणि सूचनांपुरता ठेवा, संदेश टाकण्याचा अधिकार दोघा-तिघांनाच. जातिवाचक अपमान असेल तर तो समजुतीने मिटवायचा विषयच नाही. तिथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. वकिलाला विचारा, आणि तक्रारदाराला पोलिसांकडे जाण्यापासून कुणीही अडवू नका.

गोदामवाला
मी फोर्कलिफ्टवर लिहितो, कारण यात माणूस जातो.

"समजलं का?" हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर कायम "हो" असतं, नवीन माणसाचं तर हमखास. त्याऐवजी "करून दाखव" म्हणा: पिवळ्या पट्ट्याच्या आत कुठे चालायचं, वळणावर कुठे थांबायचं, पॅलेट (माल रचलेली फळी) खाली येत असताना कुठे उभं राहायचं नाही. तिन्ही गोष्टी स्वतः करून दाखवल्याशिवाय मजल्यावर सोडू नका. पाटी चित्राची, खाली मराठी आणि हिंदी. ओडिया माणसांसाठी त्यांच्या लिपीतला एक कागद. थांबण्याची खूण सगळ्या पाळ्यांत एकच: हात उंच, पंजा उघडा. ती दिसली की चालकाने आधी थांबायचं, विचारायचं नंतर.

याच खुणेचा कर्णबधिर मुलांना सगळ्यात जास्त उपयोग होतो. फोर्कलिफ्टला निळा दिवा लावा, त्याचा ठिपका गाडीच्या पुढे जमिनीवर पडतो. आगीच्या घंटेसोबत लुकलुकणारा दिवा हवा, स्वच्छतागृहातसुद्धा. सकाळच्या बैठकीत बोलणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, चेहरा काळा दिसतो. आणि लांबलचक लिहून दिलं की काम झालं असं समजू नका. सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे, बऱ्याच मुलांना मराठी वाक्यं जड जातात. छोटी वाक्यं, चित्रं, आणि त्यांच्या बरोबरीच्या चार-पाच जणांना रोजच्या कामाच्या तीसेक खुणा शिकवा. या खुणा त्या दोन मुलांकडूनच शिका. पगारवाढीची चर्चा किंवा चौकशी असेल तर मात्र दुभाषी बोलवाच. वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेत चौकशी करा. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे समान संधी धोरण लेखी लागतं, आणि २० किंवा त्याहून जास्त माणसं असल्यामुळे संपर्क अधिकारीही.

एक महत्त्वाचं. ओडिशाच्या मुलांचा दुभाषी म्हणून ठेकेदाराचा मुकादम वापरू नका. सूचनांना ठीक आहे, तक्रारीला नाही. ज्याने नोकरी दिली त्याच्याच तोंडून त्याच्याविरुद्धची तक्रार कशी येणार?

पारसिक
पॅन्ट्रीबद्दल थोडक्यात. मांसाहारावर बंदी घालू नका. इथल्या आगरी-कोळी माणसाच्या डब्यातलं सुकट-बोंबील इथलंच आहे, ते लपून खायला लावणं अपमानास्पद आहे. नियम पदार्थावर नको, वापरावर करा: मायक्रोवेव्हमध्ये झाकणाशिवाय काहीही ठेवायचं नाही, सांडलं तर ज्याचं त्याने लगेच पुसायचं, एक्झॉस्ट पंखा १२ ते ३ चालू. दुसरा मायक्रोवेव्ह घ्या, पण त्यावर 'शाकाहारी' चिकटवण्याआधी शाकाहारी मंडळींना खरंच तो हवाय का, विचारा. पेले आणि पाण्याची जागा सगळ्यांना एकच.

भाषेचा नियमही असाच. सगळ्यांच्या बैठकीत सगळ्यांना कळेल ती भाषा. जेवताना कोण कुठल्या भाषेत बोलतो ते कंपनीचं काम नाही.

साकव
सगळ्यांचे मनापासून आभार. पाळ्यांच्या वेळांचं तर ध्यानातच नव्हतं, उद्याच व्यवस्थापकांसमोर मांडते. एकच शंका: ठेकेदार म्हणतो, माझी माणसं तुमच्या समितीत येत नाहीत.

कांदळवन
येतात. २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' म्हणजे ठेकेदारामार्फत आलेला, रोजंदारीवरचा, शिकाऊ, सगळेच. कंपनीने दिलेलं वाहनसुद्धा 'कामाची जागा' आहे, म्हणजे घरी सोडणाऱ्या गाडीत घडलेलं प्रकरणही समितीकडेच येतं. ठेक्याचं नूतनीकरण असेल तेव्हा करारात दोन कलमं घाला: त्याची माणसं चौकशीला हजर राहतील, आणि तक्रार केली म्हणून कुणाला परस्पर दुसऱ्या साइटवर हलवणार नाही. दुसरं जास्त गरजेचं, कारण तक्रार करणारी बाई दुसऱ्या आठवड्यात तुर्भ्याला किंवा तळोज्याला पाठवली जाते आणि प्रकरण तिथेच संपतं. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर गेटजवळ, हजेरीच्या यंत्रापाशी आणि बायकांच्या स्वच्छतागृहात लावा. मराठी, हिंदी, ओडिया तिन्हीत.