ट्रेनिंगहून आल्यावर काउंटरवर फरक पडतो का?

बडोदेकर: दांडिया बाजारजवळ एका सरकारी बँकेत क्लार्क आहे. ट्रेनिंगला पाठवतात, दोन दिवस स्लाइड्स बघायच्या, सर्टिफिकेट घ्यायचं आणि परत आलं की तीच गर्दी, शिकलेलं वापरायला वेळच मिळत नाही. कुणाचं काम खरंच सुधारलंय का?

निवृत्त मॅनेजर: सुधारतं हो, पण शिकलेलं लगेच हाताखालून जायला पाहिजे. आमच्याकडे कोण रिकामं आहे ते बघून नाव पाठवायचे, लोन डेस्कवाला फॉरेक्सच्या, म्हणजे परकीय चलनाच्या ट्रेनिंगला! चुकलेली एन्ट्री रिव्हर्स कशी करायची ते अनुभवी माणसाशेजारी बसूनच कळतं.

मांजलपूरकर: जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा देऊन टाक, पास झालास की इन्क्रिमेंटही मिळतं. आणि नियमामागचं कारण कळतं, ते जास्त महत्त्वाचं. ९० दिवसांच्या वर हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज ठरतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण ६०व्या दिवशीच ग्राहकाला फोन लावून अडचण काय ते विचारणारा स्टाफ किती?

बडोदेकर: पटलं. पहिल्या-तिसऱ्या शनिवारी काउंटर बंद झाल्यावर अर्धा तास सगळ्यांनी बसून आठवड्यातल्या अडलेल्या केसेस बघायच्या, असं साहेबांना उद्याच सुचवतो.