कार्डावरील ‘एमएस’ म्हणजे नेमके काय? मदत हवी आहे

पाणंद:
आईला काल चिपळूणच्या रुग्णालयातून घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर ‘केसीओ एमएस’ एवढेच लिहिले आहे. भाच्याने शोधून हा मेंदू व मज्जारज्जूचा मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे सांगितले आणि तेव्हापासून घरात कोणी धड जेवलेले नाही. डॉक्टर सोमवारीच भेटतील. हा आजार किती वेगाने वाढतो?

खाडीपलीकडे:
आईंचे वय किती आणि त्यांना कशासाठी दाखल केले होते? ‘केसीओ’ म्हणजे तो आजार आधीपासून ठाऊक आहे. ‘एमएस’ म्हणजे मात्र मायट्रल स्टेनोसिस, अर्थात हृदयाची झडप अरुंद होणे, असेही असू शकते.

दर्यावर्दी:
माझ्या मेहुणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे आणि एमआरआय होईपर्यंत तिचे निदान झाले नव्हते, म्हणून वेळ न दवडता मांडवी एक्स्प्रेसचे आरक्षण करून मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवावे.

खाडीपलीकडे:
दर्यावर्दी, आजार कोणता हे कळण्याआधी त्यांना मुंबईला धाडणे मला पटत नाही.

सुरुचीबन:
डॉक्टरांच्या नावापुढील एमएस ही शल्यचिकित्सेची पदवी असते. औषधांत तर मॉर्फिन सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांची गल्लत होऊ नये, म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये हे लघुरूप न वापरण्याच्या यादीत घातले.

पाणंद:
वय ६१. खालच्या वाडीतून घाटी चढून येताना ती दोनदा बसते. दम लागला म्हणूनच दाखल केले. टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) कागदावर ‘एमव्हीए १.४’ आहे.

परिचारिका_रत्नागिरी:
इकोच्या कागदावर एमव्हीए म्हणजे मायट्रल झडपेच्या तोंडाचे क्षेत्रफळ. निरोगी माणसात ते ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते आणि १.५ किंवा त्याहून कमी असल्यास आकुंचन तीव्र मानतात. (अपघात विभागात हीच अक्षरे वाहन अपघातासाठी वापरतात.) लहानपणी त्यांना ताप येऊन सांधे सुजले होते का? आपल्याकडे ही झडप बहुधा र्‍हुमॅटिक तापाने खराब होते.

पाणंद:
आत्ताच विचारले. चौथीत असताना दोन्ही गुडघे सुजले होते आणि आजी निरगुडीचा पाला गरम करून बांधत असे.

परिचारिका_रत्नागिरी:
मग हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे आणि ठोके अनियमित आहेत का, रक्त पातळ करण्याचे औषध लागेल का, हे विचारावे. दम वाढला किंवा आडवे झोपता येईनासे झाले, तर सोमवारपर्यंत थांबू नका.

पाणंद:
आभारी आहे. सोमवारी कार्डावर आजाराचे पूर्ण नाव लिहून मागणार आहे.