सोशल मीडियाला सरकारी लगाम हवा की नको?

खानदेशी_ठेचा:
काल व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर परत तेच, मुलं पळवणारी टोळी फिरतेय, खाली हात जोडलेले इमोजी. काकांनी टाकलेलं. कुठून आलं विचारलं तर "आलं, पुढं ढकललं". मी धुळ्याचा, असलं काही आलं की राईनपाडाच आठवतं. १ जुलै २०१८, साक्री तालुका, आठवडी बाजार, मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आलेले, पोरं चोरणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. आणि कंपन्या आयटी कायद्याचं कलम ७९ दाखवून मोकळ्या, आम्ही नुसते पोस्टमन म्हणे. कडक कायदा पाहिजेच.

मोकळा_वारा:
मारणारे हात माणसांचे होते भाऊ, आणि खुनाला कायदा आधीपासून आहे. एक मेसेज एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड, हा नियम आणला तोही कंपनीनेच, त्याच महिन्यात, नवा कायदा न होता.

खानदेशी_ठेचा:
आयटी मंत्रालयाने कान पिळल्यावर आणला, ते का गाळलं?

मोकळा_वारा:
बरं, पिळला. पण हाच कान पिळणारा हात पालघरला काय करत होता? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब गेले, मुंबई बंद, एका पोरीने फेसबुकवर लिहिलं बंद कशाला, दुसरीने नुसतं लाईक केलं. दोघींना अटक, वर लिहिणारीच्या काकाच्या दवाखान्याची तोडफोड. लाईकसाठी अटक! त्यात लावलेलं आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं, तोवर दोन वर्षांच्या वर गेली. कुंपणच शेत खातं तेव्हा दाद कुणाकडे मागायची?

सदाशिव_पेठी_नाही:
+१. २०२३ चं फॅक्ट चेक युनिट आठवा, केंद्राबद्दलची बातमी खरी की खोटी ते केंद्रच ठरवणार, म्हणजे स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा. मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये उडवलं म्हणून बरं. नको असेल तर ॲप डिलीट करा ना, जबरदस्ती आहे का?

टँकर_आला_रे:
डिलीट करा म्हणणं सोपंय हो, पोराचा गृहपाठ त्याच्यावर, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशोब त्याच्यावर, गावाकडं कोण गेलं ते पण त्याच्यावरच कळतं, कुठं जाऊ मी? दुसरं दुकान असेल तर मार्केट म्हणा, गावात एकच वाणी असला की भाव तोच ठरवतो. सरकारवर माझा पण विश्वास नाही पण निदान पाच वर्षांनी मत तरी देता येतं, त्या कॅलिफोर्नियातल्या साहेबाला मी काय पाडणार?

मोकळा_वारा:
वाण्यावर लक्ष ठेवा की, कोण नाही म्हणतंय. तक्रार घ्या, उत्तर द्या, उशीर झाला तर दंड, एवढं चालेल मला. पण कुणी काय बोलायचं हे कोर्टाशिवाय कुणी ठरवायचं नाही.

टँकर_आला_रे:
कोर्टाचा निकाल येईपर्यंत राईनपाड्यात कोण जिवंत राहणार होतं?

खानदेशी_ठेचा:
अपडेट: काकांना मेसेज काढायला लावला. त्यांनी 'डिलीट फॉर मी' दाबलं. ग्रुपवर तसाच आहे, आणि आत्याने खाली 'धन्यवाद दादा' लिहिलंय.