कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस फुटली : एक्सपल्स २०० चे इंजिन पुन्हा बांधावे का, आणि कसे?

डोंगरवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे बीएस-६ ची, दोन व्हॉल्व्हची आणि ऑइल कूलर असलेली हिरो एक्सपल्स २०० आहे. ती मी सेकंड हँड घेतली असून भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या पट्ट्यातल्या कच्च्या वाटांवर ती नियमित चालवतो. गेल्या महिन्यात नाशिक-पुणे महामार्गावर संगमनेरच्या अलीकडे, चढ नसलेल्या रस्त्यावर सरळ वेगात असताना, इंजिनातून दोन-तीन जोरदार ठोके आले, मागचे चाक क्षणभर अडकले आणि रस्त्यावर ऑइल सांडले.

इंजिन उतरवून खोलल्यावर दिसले ते असे. पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य शाफ्टशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड मध्याच्या थोडे खाली तुटला आहे आणि क्रँकला लटकलेल्या त्याच्या तुकड्याने क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाच्या, पुढच्या भिंतीला सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचे भोक पाडले आहे. पिस्टनचा खालचा घेर फुटला आहे. सिलिंडरच्या ब्लॉकची खालची कड तुटली आहे, पण वरचा भाग स्वच्छ दिसतो. ऑइल वेळच्या वेळी बदललेले होते आणि पातळीही बरोबर होती, म्हणून हे का झाले याचा उलगडा होत नाही.

केसला वेल्डिंग करून घ्यावे, नवीन केस घ्यावी, की सरळ दुसरे जुने इंजिन बसवावे, याबद्दल अनुभवी लोकांचे मत हवे आहे. वर्कशॉपने सांगितलेला खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याजवळ जातो. गाडी विकायची मात्र इच्छा नाही. त्या डोंगरातल्या वाटांना इतकी शोभणारी दुसरी गाडी माझ्या आवाक्यात नाही.

यंत्रवेध

खर्चाचा विचार करण्याआधी रॉड का तुटला ते निश्चित करा, कारण ते कळल्याशिवाय बांधलेले इंजिन पुन्हा त्याच मार्गाने जाऊ शकते. तीन गोष्टी पाहून इथे लिहा. पहिली, क्रँकपिनवरचे रॉडचे टोक (बिग एंड) निळे-जांभळे पडले आहे का. दुसरी, सिलिंडरच्या अगदी वरच्या कडेला, जिथे पिस्टन पोहोचत नाही तिथे, कार्बनचा जो काळा पट्टा साचतो तो एकसारखा आहे की दुहेरी. तिसरी, तुटलेल्या रॉडच्या तोंडावर पूर्ण भाग खडबडीत आहे की काही भाग गुळगुळीत आहे. शक्य झाल्यास एअर फिल्टरची पेटी काढून तिचा तळही पाहा.

डोंगरवाट

आज सगळे पाहिले. रॉडचे खालचे टोक करड्या रंगाचेच आहे, निळे अजिबात नाही. सिलिंडरच्या वरच्या कडेला एक जाड, कडक काळा पट्टा आहे आणि त्याच्या खाली लागूनच फिक्या कार्बनचा दुसरा पट्टा आहे, जो व्हर्नियरने मोजला तर साधारण एक मिलिमीटर रुंद भरतो. रॉडच्या तुटलेल्या तोंडाचा एका बाजूचा मोठा भाग गुळगुळीत असून त्यावर कमानीसारख्या बारीक रेषा आहेत, तर उरलेला भाग खडबडीत आणि चमकदार आहे. एअर फिल्टरच्या पेटीच्या कोपऱ्यांत वाळलेला बारीक गाळ आहे.

यंत्रवेध

मग चित्र पुरेसे स्पष्ट आहे. ऑइल कमी पडून रॉड गेला असता तर बिग एंडचे बेअरिंग तापून रॉडचे ते टोक निळे पडले असते. तसे झालेले नाही. दुहेरी पट्ट्याचा अर्थ असा की पिस्टन पूर्वी जितका वर जात होता त्यापेक्षा एक मिलिमीटर खाली थांबू लागला होता, म्हणजेच रॉड वाकून आखूड झाला होता. त्याला फिल्टरच्या पेटीतला गाळ जोडून पाहिला, तर तुम्ही घेण्याआधी ही गाडी कधीतरी पाण्यात बुडून बंद पडली असावी आणि तशा अवस्थेत तिचा स्टार्टर मारला गेला असावा, हेच अनुमान सर्वांत सयुक्तिक वाटते. हा त्या इंजिनाच्या बनावटीतला दोष मानण्याचे कारण मला दिसत नाही.

आकडे पाहिल्यावर ही गोष्ट किती सहज घडते ते लक्षात येते. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६६.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५७.५ मिमी आणि क्षमता १९९.६ सीसी आहे. कॉम्प्रेशन दहास एक असल्याने पिस्टन वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा फक्त २२ सीसीच्या आसपास असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये त्याहून अधिक पाणी असेल, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे, तर पिस्टन वर जाऊच शकत नाही आणि मधल्यामध्ये रॉड वाकतो. असे वाकलेले इंजिन पाणी काढल्यावर पुन्हा सुरू होते, आणि खरा धोका तिथेच आहे. पिस्टन एक मिलिमीटर खाली थांबल्यास वरची जागा साडेतीन सीसीने वाढते व कॉम्प्रेशन दहावरून पावणेनऊच्या आसपास येते. ओढ थोडी कमी होते, थरथर थोडी वाढते, आणि सेकंड हँड गाडी घेणाऱ्याला पूर्वीची ओढ ठाऊकच नसल्याने शंका येत नाही.

सरळ रॉडवर बल त्याच्या अक्षातून जाते. वाकलेल्या रॉडवर त्याच बलाबरोबर प्रत्येक फेरीला वाकवणारा ताणही येतो. ८,५०० आरपीएमला क्रँक सेकंदाला १४० हून जास्त वेळा फिरतो आणि वरच्या टोकाला पिस्टनला उलटे ओढणारे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटींहून अधिक असते. अशा आवर्तनांत पृष्ठभागावर केसाएवढी भेग पडते आणि ती हळूहळू आत सरकते. तुम्हाला दिसलेल्या कमानीसारख्या रेषा म्हणजे त्या भेगेच्या प्रवासाच्या खुणा आहेत. खडबडीत भाग शेवटच्या क्षणी एकदम तुटला.

लेथवाला, कोल्हापूर

वरचे निदान मला पटते. आता कामाविषयी लिहितो.

क्रँक दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका सिलिंडरच्या या इंजिनात क्रँक दोन भागांचा असतो, मधली पिन प्रेसने दाबून बसवलेली असते आणि तिच्यावर रॉड सुया असलेल्या बेअरिंगवर फिरतो. रॉड नुसता झिजला असता तर रॉड किट भरून, क्रँक सेंटरवर धरून डायल गेजने सरळ करून देता आला असता. पण इथे तुटलेला रॉड क्रँकच्या दोन्ही वजनांवर आपटला आहे, त्यामुळे पिनची भोके आणि शाफ्टची टोके यांवर भरवसा राहत नाही. पूर्ण क्रँक असेंब्ली नवीन घ्यावी आणि तीसुद्धा बसवण्याआधी तपासावी. दोन्ही टोकांचा रनआउट (फिरताना होणारे डगमगणे) साधारण ०.०५ मिमीच्या आत असावा, आणि मी स्वतः ०.०२ च्या वर असलेला क्रँक बसवत नाही.

ब्लॉकची खालची कड तुटली असेल तर तो ब्लॉक सोडून द्यावा. पिस्टन खाली आल्यावर त्याच कडेच्या आधाराने सरळ राहतो. कोणी जुना ब्लॉक आणून बोअर करून देतो म्हणाला तर आधी आतून लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर आत बिडाची स्लीव्ह आहे, म्हणजे पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन मिळत असल्यास त्या मापाला बोअर आणि होनिंग (आतून बारीक घासणे) करता येते. चिकटला नाही तर आत पातळ लेप असलेले अॅल्युमिनियम आहे आणि ते बोअर केले की लेपच निघून जातो.

केसच्या वेल्डिंगबद्दल माझे मत अनेकांपेक्षा वेगळे आहे. भोक पुढच्या भिंतीत असेल, बेअरिंगच्या घरापासून व दोन केस जुळतात त्या कडेपासून दूर असेल, तर टिग वेल्डिंगने ते उत्तम भरता येते. मात्र ऑइल मुरलेले अॅल्युमिनियम नीट धुऊन, आधी गरम करून, तेल बाहेर येणे थांबेपर्यंत साफ करावे लागते, नाहीतर टाक्यात बुडबुडे राहतात आणि केस पाझरत राहते. वेल्डिंग करताना दोन्ही केस बोल्टने एकत्र आवळून ठेवाव्यात, म्हणजे वाकण्याची शक्यता कमी होते, आणि नंतर बेअरिंगची घरे एका रेषेत आहेत का ते मोजावे.

मातीवरचा

लेथवाल्यांचा अनुभव मोठा आहे, तरी या एका मुद्द्यावर मी असहमत आहे. महामार्गावरच्या गाडीसाठी वेल्डिंग चालेल, पण दगडांवर आपटणाऱ्या आणि बॅश प्लेटमधून (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यातून) सतत हादरे घेणाऱ्या इंजिनाच्या पुढच्या भिंतीत टाका असणे मला सुरक्षित वाटत नाही. टाक्याच्या शेजारचे अॅल्युमिनियम उष्णतेने मऊ होते आणि पुढची भेग तिथूनच सुरू होते. रतनवाडीच्या पलीकडे ऑइल गेले तर गाडी ढकलत किती दूर आणावी लागेल, याचा विचार करून नवीन केस घ्यावी.

केस नवीन असो वा पूर्ण इंजिन जुने आणलेले असो, एक गोष्ट विसरू नका. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो आणि तो तुमच्या आरसीवर असतो. बिल जपून ठेवून आरटीओत नोंद करून घ्या, अन्यथा पुढे विमा आणि विक्री या दोन्ही वेळी अडचण येते. जुने इंजिन घेताना विकणाऱ्याची आरसी आणि इंजिनाचा नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय त्या इंजिनातही वाकलेला रॉड नसेल याची खात्री कोण देणार? निदान कॉम्प्रेशन तरी मोजून घ्या.

आणखी एक मुद्दा अजून कोणी लिहिला नाही, तो ऑइल कूलरचा. रॉड तुटल्यावर इंजिन थांबेपर्यंत पंप फिरतच होता, म्हणजे धातूचा चुरा कूलरच्या बारीक नळ्यांत पोहोचलेला असू शकतो. तो धुऊन पूर्ण निघत नाही. नवे क्रँक, नवा पिस्टन बसवल्यावर पहिल्याच फेरफटक्यात तो चुरा सुटून बेअरिंगमध्ये जातो. कूलर व त्याच्या नळ्या नवीनच घ्याव्यात. ऑइल पंप खोलून रोटरवर ओरखडे असल्यास तोही बदलावा, जाळी व फिल्टर बदलावेत आणि केसमधल्या व हेडमधल्या (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागातल्या) प्रत्येक ऑइलमार्गातून आधी रॉकेल व मग दाबाची हवा सोडावी. मेन बेअरिंग आणि सगळे ऑइल सील बदलणे आलेच. गिअरबॉक्सची बेअरिंग धुऊन हाताने फिरवून पाहा. फिरताना किंचितही खरखर लागली तर ती ठेवू नका.

डोंगरवाट

सर्वांचा मनापासून आभारी आहे. नवीन केस, पूर्ण क्रँक, नवीन ब्लॉक-पिस्टन आणि नवीन कूलर असा निर्णय घेतला आहे. हेड वरून चांगले दिसते. जुळवणी एका ओळखीच्या मेकॅनिककडे, मी समोर बसून, करून घेणार आहे. जुळवताना आणि पहिल्यांदा सुरू करताना कोणत्या ठिकाणी घाई होऊ देऊ नये, ते सांगावे.

लेथवाला, कोल्हापूर

हेडचा एकेक पोर्ट (हवा आत येण्याचे किंवा धूर बाहेर जाण्याचे तोंड) वर करून त्यात रॉकेल ओता आणि थोडा वेळ थांबा. व्हॉल्व्हच्या कडेने थेंब उतरला तर व्हॉल्व्ह वाकला आहे किंवा सीट बिघडली आहे. पिस्टन फुटताना व्हॉल्व्हला धक्का बसणे शक्य असते, म्हणून हे टाळू नका.

बेअरिंग हातोडीने ठोकू देऊ नका. केस शंभर अंशांच्या आसपास गरम केली आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलेले असले तर ते जवळजवळ स्वतःच्या वजनाने बसते. क्रँकवर हातोडी पडली तर नवीन क्रँकही वाकतो. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फिलर गेजने मोजा. या बोअरला ती पाव मिलिमीटरच्या थोडी पुढे अपेक्षित असते, पण सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंतिम मानावा. केस बंद करण्यापूर्वी पाचही गिअर हाताने टाकून पाहा. टायमिंगच्या खुणा जुळवल्यावर प्लग न लावता क्रँक पान्याने दोन पूर्ण फेऱ्या हळू फिरवा आणि कुठेही अडले तर जोर न लावता पुन्हा खोला.

सुरू करण्याआधी प्लग बाहेर ठेवून, इग्निशनचा करंट तोडून, हेडपर्यंत ऑइल पोहोचेतोवर स्टार्टर थोडा-थोडा फिरवा. मग इंजिन काही मिनिटे चालवून पूर्ण थंड होऊ द्या, आणि असे दोन-तीनदा करा. पहिले ऑइल पन्नास किलोमीटरच्या आत काढून पांढऱ्या कापडातून गाळा. बारीक चकाकी दिसेल, ती चालते. कण बोटांना टोचले तर गाडी थांबवून मला कळवा.